एका रात्रीच्या मुक्कामासाठी ट्रेलर कसा उभा करावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकताच घेतलेला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर पिकअप ट्रकला जोडून आपण जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील बे एरियातून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघणार आहात. आपण दोघे, दोन मुले आणि भारतातून आलेले आई-वडील असे सहाजण आहात. पहिली रात्र नेवाडातील विनेमुका येथे काढायची आहे आणि सकाळी लगेच पुढे निघायचे आहे. अशा एका रात्रीपुरता ट्रेलर ट्रकपासून सोडवावा का, वीज, पाणी आणि सांडपाणी या सगळ्या जोडण्या कराव्यात का, आणि हे काम अर्ध्या तासात उरकते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी चौदा वर्षांपासून ट्रेलर ओढत आहे आणि आय-८० महामार्गाचा हा पट्टा माझ्या चांगल्या परिचयाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जागा परवानगी देत असेल, तर एका रात्रीसाठी ट्रेलर ट्रकपासून सोडवू नका. त्यामुळे वीस मिनिटे वाचतात हे खरे, पण माझे मुख्य कारण ते नाही. संध्याकाळी आपण जे जे बाहेर काढतो, उघडतो, जोडतो किंवा खाली सोडतो, ते सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्धवट झोपेत, मुलांच्या गडबडीत, उलट्या क्रमाने पूर्ववत करावे लागते. ट्रेलरचे जे अपघात आणि जी मोडतोड मी पाहिली आहे, त्यांतील बहुतेक मुक्काम मांडताना नव्हे, तर मुक्काम हलवताना झालेली आहे. कपलर (ट्रेलरच्या दांडीचे जोडतोंड) ट्रकच्या मागच्या चेंडूवर नीट न बसणे, साखळ्या लावायच्या राहणे, टंग जॅक (त्या दांडीला उचलून धरणारा पाय) पूर्ण वर न घेणे किंवा वीजतार खांबालाच राहणे अशा चुका होतात. जे सोडवलेच नाही ते जोडायला विसरण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून एका रात्रीची मांडणी ठरवताना प्रत्येक वस्तूबाबत ‘ही आज रात्री खरोखर लागणार आहे का’ एवढेच विचारावे.

जोडलेल्या अवस्थेत राहायचे असेल, तर त्याची तयारी आरक्षण करतानाच होते. आर.व्ही. पार्कमध्ये, म्हणजे अशा वाहनांसाठीच्या भाड्याच्या तळावर, ‘पुल-थ्रू’ जागा मागावी, म्हणजे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येते आणि थकलेल्या अवस्थेत मागे घेण्याचा प्रसंग येत नाही. लांबी सांगताना ट्रेलर आणि ट्रक यांची एकत्रित लांबी सांगावी. ट्रेलरच्या नावातील आकडा पुष्कळदा पुढच्या दांडीचा भाग सोडून असतो, आणि पूर्ण आकाराचा पिकअप सुमारे १९-२० फुटांचा असतो. तेव्हा एकूण ४५ ते ४८ फूट धरून ५५ फुटांपेक्षा मोठी जागा मिळाली तर उत्तम. अलीकडच्या पार्कांत अशा जागा बहुधा असतात, जुन्या पार्कांत मात्र कमी असतात. जागा आखूड असेल, पुढे-मागे उतार फारच असेल किंवा रात्री ट्रक घेऊन गावात जायचेच असेल, तरच ट्रेलर सोडवण्याचा विचार करावा.

महामार्गावरील विश्रांतिस्थळ, ट्रक स्टॉप किंवा वॉलमार्टचे वाहनतळ असे फुकट पर्यायही आहेत, आणि मी स्वतः एकटा किंवा पत्नीबरोबर असताना ते वापरले आहेत. त्यांचे नियम मात्र वेगळे असतात. कॅलिफोर्नियातील विश्रांतिस्थळांवर २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त थांबता येत नाही. वॉलमार्टमध्ये परवानगी त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकावर आणि गावाच्या नियमांवर अवलंबून असते, म्हणून आत जाऊन विचारणे हाच योग्य मार्ग आहे. ट्रक स्टॉपमध्ये मालवाहू ट्रकांसाठी आखलेल्या जागा अडवू नयेत, कारण त्या चालकांना कायद्याने १४ तासांच्या पाळीत ११ तासच गाडी चालवता येते, आणि वेळ संपल्यावर त्यांना पुढे जाण्याचा पर्याय नसतो. अशा ठिकाणी स्लाइड (ट्रेलरच्या भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बाहेर काढणे, बाजूचे कापडी छत उघडणे, खुर्च्या मांडणे किंवा डांबरावर जॅक टेकवणे योग्य समजले जात नाही. उन्हाने तापलेल्या डांबरात जॅकचा पाय रुततोही. नेवाडातील सुमारे दोन तृतीयांश जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे आहे आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी काही दिवस फुकट मुक्काम करता येतो, पण अनोळखी कच्च्या रस्त्यावर संध्याकाळी ट्रेलर घेऊन शिरणे मी नवख्या माणसाला कधीच सुचवणार नाही, कारण पुढे वळायला जागा नसेल तर अंधारात अर्धा मैल मागे यावे लागते. आपण सहाजण आहात, त्यात वयस्कर माणसे आहेत, आणि जुलैत विनेमुक्याला दुपारी पारा ३३-३४ अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो. दिवसभर उन्हात तापलेला ट्रेलर संध्याकाळी पाचला भट्टीसारखा असतो. तेव्हा पहिल्या रात्री वीज असलेली, पैसे भरून घेतलेली जागाच घ्यावी.

पोहोचण्याची वेळ उजेडातली ठेवावी. बे एरियातील फ्रीमाँटच्या आसपासून विनेमुका सुमारे ४०० मैल आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि नेवाडात फलकावर ८० लिहिलेले दिसले तरी ट्रेलरचे काही टायर ताशी ६५ मैलांसाठीच प्रमाणित असतात, हे विसरू नये. जेवण, इंधन आणि आई-वडिलांसाठीचे थांबे धरले तर नऊ तास लागतात. सकाळी साडेसहाला निघालात, तर दुपारी चारच्या सुमारास पोहोचाल, आणि मग पुढचे सगळे शांतपणे करता येईल.

जागेवर पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे एक फेरी मारणे. वाटेत आपण ७,२०० फुटांहून उंच डॉनर घाटमाथा चढून उतरलेला असता, म्हणून वाटेतल्या प्रत्येक थांब्याप्रमाणे येथेही चारही चाकांच्या मध्यभागाजवळ, म्हणजे हबजवळ, तळहात नेऊन उष्णता अजमावावी. चारही साधारण सारखेच गरम असतील तर ठीक. एखादे इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेले असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकत असण्याची शक्यता असते आणि ते दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. थेट हात लावू नये, आधी जवळ नेऊन पाहावा. पंधरा-वीस डॉलरचे अवरक्त तापमापक घेतले तर हे काम आणखी सोपे होते.

यानंतर ट्रेलर समतल करण्याचे काम येते, आणि एका रात्रीच्या मुक्कामात सर्वांत जास्त लक्ष मी येथेच देतो. आधी डावे-उजवे पाहावे, नंतर पुढे-मागे, आणि हा क्रम बदलू नये. डावे-उजवे फक्त चाकांखाली ठोकळे ठेवूनच साधता येते आणि ते ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच करायचे असते. गवंड्याकडे असते तशी लहान पाणसळ ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर आणि एका बाजूवर कायमची चिकटवून ठेवावी. घरी, सपाट जमिनीवर, आतली फरशी समतल असताना बुडबुडा कोठे येतो हे पाहूनच ती लावावी. जागेवर उभे राहिल्यावर ज्या बाजूला उतार असेल, त्या बाजूच्या दोन्ही चाकांसमोर प्लॅस्टिकचे ठोकळे मांडून ट्रेलर हळूच त्यांवर चढवावा. आपल्या ट्रेलरला दोन आस असतील, तर एकाच चाकाखाली ठोकळा ठेवून चालणार नाही, त्या बाजूची दोन्ही चाके सारखीच उचलली गेली पाहिजेत. बाजारात मिळणारे जोडता येणारे ठोकळे साधारण एक इंच उंचीचे असतात, त्यामुळे किती थर लागतील याचा अंदाज दोन-तीन मुक्कामांनंतर नजरेनेच येतो. वक्राकार एकसंध ठोकळेही मिळतात. त्यांवर चाक जितके पुढे चढवाल तितकी उंची वाढते, आणि मागे कोणी पाणसळ पाहत उभे असेल तर पहिल्याच प्रयत्नात काम होते. घाईच्या मुक्कामासाठी मला तेच पसंत आहेत.

समतलपणाचा आग्रह किती धरावा, हे आपल्या फ्रिजवर अवलंबून आहे. गॅस आणि वीज या दोन्हींवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल, तर त्यातील अमोनियाचे द्रावण कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांवर फिरते. फ्रिज कलता असेल तर हे द्रावण एका जागी साचते, तेथील नळी जास्त तापते आणि थंडावा कायमचा जाऊ शकतो. गाडी चालू असताना सततच्या हेलकाव्यांमुळे ही अडचण येत नाही, कलत्या जागी तासन्‌तास उभे राहिल्यावर मात्र येते. बहुतेक उत्पादक आडव्या दिशेने ३ अंश आणि दुसऱ्या दिशेने ६ अंशांपर्यंतचा कल चालतो असे सांगतात. नेमका आकडा आपल्या पुस्तिकेत पाहावा. चाकांमधील अंतर सात फूट धरले, तर ३ अंश म्हणजे एका बाजूला सुमारे साडेचार इंचांचा फरक होतो, म्हणजे मर्यादा वाटते तितकी कडक नाही. बारा व्होल्टवर चालणारा नवा कॉम्प्रेसर फ्रिज असेल, तर त्याला कलाची फिकीर नसते. पण माणसाला असते. दोन इंचांच्या उतारावर रात्रभर अंथरुणात घसरायला होते, न्हाणीतले पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचते, आणि सकाळी तव्यावर घातलेले धिरडे एका काठाला जाड आणि दुसऱ्या काठाला कागदासारखे होते. पुढे-मागे थोडा उतार राहणारच असेल, तर ज्यांना गुडघ्यांचा किंवा छातीचा त्रास आहे त्यांचे डोके उंच बाजूला येईल असे अंथरूण करावे.

पुढे-मागे समतल करण्यासाठी टंग जॅक वापरायचा असतो, आणि ट्रेलर जोडलेला असताना येथे एक मर्यादा पाळावी लागते. जॅक खाली घेऊन दांडी इंच-दीड इंच वर उचलता येते, कारण त्याबरोबर ट्रकचा मागचा भागही स्प्रिंगांच्या जोरावर थोडा वर येतो. पण त्याहून जास्त उचलले, तर ट्रकच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि हातब्रेक तर मागच्याच चाकांना लागतो. म्हणजे ज्याच्या भरवशावर गाडी उभी आहे, तोच आधार आपण सैल करत असतो. वजन वाटून देणारी हिच (ट्रक आणि ट्रेलर जोडणारी यंत्रणा) असेल, तर तिच्या स्प्रिंग बारवरील ताणही त्यामुळे बदलतो. माझा स्वतःचा नियम असा आहे की, इंच-दीड इंचात जमत नसेल, तर मी जागा दोन-तीन फूट पुढे-मागे करून पाहतो, आणि तरीही जमले नाही तरच ट्रेलर सोडवतो. जॅक खाली घेतलाच, तर त्याच्या दांड्यावर एक लाल फडके बांधतो, ते ट्रकच्या आरशात दिसते.

चाकांना पाचर लावणे हे कोणत्याही परिस्थितीत टाळू नये, ट्रेलर जोडलेला असला तरीही. आपल्याकडे घाटात मालट्रक थांबला की क्लीनर आधी खाली उडी मारतो, मागच्या चाकाला दगड लावतो आणि मगच चालक पाय खाली टेकवतो. तोच क्रम येथे पाळावा. ठोकळ्यांवर चढलेल्या बाजूला पाचर नीट बसत नाही, म्हणून ती जमिनीवर असलेल्या बाजूच्या चाकांना, पुढून आणि मागून, अशी घट्ट लावावी. दोन चाकांच्या मध्ये बसवून आवळायची पाचर मिळते, तिने रात्री होणारी हालचालही बरीच कमी होते. काही लोक आपत्कालीन ब्रेकची (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर लागणाऱ्या ब्रेकची) पिन ओढून ठेवून तिचा हातब्रेकसारखा उपयोग करतात. असे कधीही करू नये, कारण ती पिन निघाली की ट्रेलरची बॅटरी सतत ब्रेकना वीज देत राहते आणि काही वेळातच रिकामी होते.

जोडलेल्या अवस्थेत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधली सात पिनांची वीजजोडणी. यांत्रिक जोडणी राहू द्यावी, ही मात्र रात्री काढून ठेवावी. काही ट्रकांत किल्ली बंद केल्यावर ट्रेलरकडे जाणारा प्रवाह आपोआप तुटतो, काहींत तुटत नाही. माझ्या पहिल्या ट्रकात तुटत नव्हता आणि मला ते ठाऊक नव्हते. त्याच महामार्गावरच्या एका मुक्कामी सकाळी सहा वाजता ट्रेलरमधले दिवे व्यवस्थित लागत होते, पण ट्रक मात्र सुरू होईना, कारण रात्रभर ट्रेलरने ट्रकच्याच बॅटरीवर घर चालवले होते. शेजाऱ्याने जम्पर केबल दिली म्हणून निघालो. तेव्हापासून ही सातपिनी मी काढतो आणि तिचे तोंड खाली राहील अशी अडकवून ठेवतो, म्हणजे दव आत जात नाही.

विजेची जोडणी आपण या मुक्कामात करावी असे मी वर म्हटले, त्याचे कारण वातानुकूलन यंत्र आहे. आपल्या आकाराच्या ट्रेलरवर बहुधा १३,५०० बीटीयूचे यंत्र असते आणि ते चालताना सुमारे १३ अँपिअर घेते. आपली जोडणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टची असेल, म्हणजे सगळे मिळून ३,६०० वॉट. पाणी तापवण्याच्या टाकीतील विजेचे वेटोळे एकटेच १२ अँपिअरच्या आसपास घेते, मायक्रोवेव्हही तितकेच घेतो. तेव्हा ही तिन्ही एकदम लावली की स्विच पडणारच. एका रात्रीपुरते पाणी गॅसवर तापवावे आणि वीज वातानुकूलनासाठी राखावी. जोडताना खांबावरचा स्विच आधी बंद करावा, सर्ज प्रोटेक्टर लावावा, स्विच सुरू करून तो व्होल्टेज आणि तारांची जोडणी तपासतो तेवढा वेळ थांबावे, पुन्हा बंद करून तार ट्रेलरला जोडावी आणि मग सुरू करावे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पार्कमधली सगळी वातानुकूलन यंत्रे एकदम चालू असताना व्होल्टेज खाली येते. ते १०५ च्या आसपास घसरले, तर यंत्र बंद ठेवणेच हिताचे. या सर्ज प्रोटेक्टरसाठी अडीच-तीनशे डॉलर मोजावे लागतात, पण त्यावर काटकसर करू नये.

वीज घेण्याचे दुसरे कारण पुढच्या रात्रींशी संबंधित आहे. यलोस्टोनच्या आत विजेच्या, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या जोडण्या केवळ फिशिंग ब्रिज आर.व्ही. पार्कमध्ये आहेत. आपली जागा दुसऱ्या कॅम्पग्राउंडमध्ये असेल, तर तेथे बॅटरीवरच राहावे लागेल. तेथे जुलैतही रात्र कडक थंड असते आणि फर्नेस (ट्रेलर ऊबदार ठेवणारे यंत्र) लागतो. फर्नेस गॅसवर चालला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि ७-८ अँपिअर घेतो. विक्रेत्याने बसवून दिलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० अँपिअर-तासांची असते, आणि तिचे आयुष्य राखायचे तर निम्मीच, म्हणजे ४० वापरावी. रात्रीचे आठ तास धरून त्यातला निम्मा वेळ पंखा चालला, तर ३० अँपिअर-तास तेथेच संपतात. ट्रकच्या जोडणीतून दिवसभरात बॅटरी भरेल असे बहुतेक नवे मालक समजतात, परंतु ती तार बारीक आणि लांब असल्यामुळे फार थोडा प्रवाह पोहोचतो. म्हणून विनेमुक्याला रात्रभर विजेवर राहून बॅटरी पूर्ण भरून घेणे हा त्या जागेच्या भाड्याचा खरा मोबदला आहे.

पाण्याची नळी मात्र मी जोडत नाही. घरून निघतानाच टाकीत १५ गॅलन पाणी भरून घ्यावे. त्याचे वजन सुमारे १२५ पौंड, म्हणजे ५७ किलो भरते, आणि एवढे वाहून नेण्यास हरकत नसते. सहाजणांचे संध्याकाळचे हातपाय धुणे, स्वयंपाक, भांडी, स्वच्छतागृह आणि सकाळचा चहा एवढ्यात भागते, आंघोळी पार्कच्या स्नानगृहात कराव्यात. पंपाचा स्विच झोपताना बंद करावा. रात्री कोठे गळती झाली, तर पंप सगळी टाकी फरशीवर रिकामी करतो. पाणी तापवण्याची टाकी भरलेली असल्याची खात्री केल्याशिवाय तिचे विजेचे बटण दाबू नये, कोरडे वेटोळे काही सेकंदांत जळते. सांडपाण्याच्या नळीला तर या मुक्कामात हातच लावू नये. दोन्ही झडपा बंदच ठेवाव्यात, आणि निघण्यापूर्वी मैल्याच्या टाकीत दोन-तीन गॅलन पाणी व औषध घातले असले की पुरे.

गॅसविषयी मतभेद आहेत. पुष्कळ लोक फ्रिज चालू राहावा म्हणून प्रवासातही सिलिंडर उघडा ठेवतात. मी बंद ठेवतो. आदल्या दिवशीच घरच्या विजेवर थंड करून भरलेला फ्रिज दार न उघडता पाच-सहा तास सहज तग धरतो, आणि इंधन भरताना ज्योत पेटलेली आहे का ही चिंता राहत नाही. नऊ तासांच्या टप्प्यासाठी दुधा-दह्याशेजारी बर्फाच्या दोन पिशव्या ठेवाव्यात. मुक्कामी पोहोचल्यावर सिलिंडर हळू उघडावा आणि आधी शेगडीचा एक बर्नर पेटवून नळीतली हवा जाऊ द्यावी, म्हणजे पाणी तापवण्याच्या टाकीचा बर्नर पहिल्या प्रयत्नात पेटतो. स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडून पंखा लावावा. ट्रेलर लहान असतो आणि मोहरीची फोडणी दिली की धुराचा भोंगा हमखास वाजतो. त्या वैतागाने भोंग्याची बॅटरी काढून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. तसे करू नये, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या सूचकाला तर कधीच हात लावू नये. घरून आणलेले पिठले-भात किंवा पराठे गरम करून घेणे हे पहिल्या रात्री सर्वांत सोयीचे.

स्लाइड बाहेर काढावी की नाही, हे घरीच ठरवता येते. ती आत असताना न्हाणीघर, फ्रिज आणि सगळी अंथरुणे वापरता येतात का, हे अंगणात एकदा करून पाहावे. सहाजणांसाठी टेबलाचे अंथरूण करावे लागत असेल, तर स्लाइड काढावीच लागेल, मात्र आधी बाजूच्या खांबाचे अंतर स्वतः उतरून पाहावे. बाहेरचे कापडी छत एका रात्रीसाठी उघडू नये. नेवाडाच्या त्या पट्ट्यात संध्याकाळी अचानक वारा सुटतो आणि काही सेकंदांत छताच्या काड्या मोडतात. कोपऱ्यांतील चार आधारांपैकी मागचे दोनच टेकवावेत, तेही जमिनीला जेमतेम घट्ट लागेपर्यंत. ते ट्रेलर उचलण्यासाठी नसतात, डुलणे थांबवण्यासाठी असतात. एरवी मी तेही टाळले असते, पण रात्री दोनदा उठणाऱ्या वयस्कर माणसाला पायाखालची फरशी हललेली चालत नाही. त्याच कारणासाठी दाराच्या पायरीकडेही लक्ष द्यावे. ठोकळ्यांवर चढवल्यामुळे पहिली पायरी जमिनीपासून आणखी उंच होते, म्हणून रुंद बैठकीचा, न घसरणारा एक पाट किंवा घडीचा स्टूल बरोबर ठेवावा, आणि दाराजवळ रात्रभर मंद दिवा लावावा.

सकाळी आवराआवर एकाच माणसाने करावी आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलू नये. माझा क्रम असा आहे: आतली कपाटे, फ्रिजचे दार आणि छताच्या खिडक्या बंद, स्लाइड आत, मागचे आधार वर, वीजतार गुंडाळून आत, गॅस बंद, पायरी आत, टंग जॅक पूर्ण वर, सातपिनी जोडून दिव्यांची तपासणी, आणि सर्वांत शेवटी पाचरी. ट्रेलर ठोकळ्यांवरून हळूच उतरवून दहा फूट पुढे न्यावा, थांबवावा, आणि मागे चालत येऊन रिकाम्या जागेकडे पाहावे. ठोकळे, पाट, मुलांची चप्पल असे काहीतरी दर दोन मुक्कामांत एकदा तेथे सापडतेच.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. विनेमुक्याहून वेल्स, ट्विन फॉल्स आणि आयडाहो फॉल्समार्गे वेस्ट यलोस्टोन सुमारे ५५० मैल आहे, आणि आयडाहोच्या या भागात शिरताना घड्याळ एक तास पुढे जाते. आई-वडिलांना घेऊन, ट्रेलर ओढत, हा एका दिवसाचा टप्पा नाही. ट्विन फॉल्स किंवा आयडाहो फॉल्सला दुसरा एक मुक्काम धरावा. तोही याच पद्धतीने, ट्रेलर न सोडवता होईल.

आईंनी चालत्या ट्रेलरमध्ये आडवे व्हावे आणि वाटेत चहा करावा, ही आपली कल्पना मात्र सोडून द्यावी. ओढल्या जाणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी आहे, आणि जेथे नसेल तेथेही त्यात पट्टा असलेली एकही बसायची जागा नसते. चहा सकाळी गॅस बंद करण्याच्या आधी करावा, थर्मासमध्ये भरावा आणि थर्मास ट्रकमध्ये पुढच्या आसनापाशी ठेवावा.